पन्हाळ्याचा चढ आणि एक राऊंड

...आणि वर मेव्हणा मलाच इचारतोय, ‘एक राऊंड तर मारला की, त्यात एवढं तापायचं काय?’ आता मी तापू नको तर काय करू? इंजिन तापून जाम झालं त्याला कुणी काय म्हणत न्हाय, ह्यो दिलदार तापला की आख्ख्या पेठेला दिसतंय. न्हाय पावणं, बसा तुमी, च्या येतोय. तुमास्नी सगळं सांगितल्याबिगर आज मला जेवण जायाचं न्हाय.

मी गाड्यांच्या सीटा शिवतो. उद्यमनगरात दुकान हाय. निम्म्या कोल्हापूरच्या बुडाखाली माजं काम हाय म्हणा की. आणि माजी सोताची गाडी? जुनी, शंभर सीसीची, टू-स्ट्रोक. सीट मात्र अशी शिवलीया, की बायकोनं तिच्यावर मांडी घालून भाजी निवडावी. पर उपेग काय? सासुरवाडी पन्हाळ्याला. पायथ्यापतूर गाडी झ्याक जाती, आणि चढ लागला की... घर्रर... घर्र... आणि मागनं शाहिस्ता हळूच म्हणणार, ‘उतरू का?’

बायको हो माजी. नवी साडी नेसून, एका हातात डबा, एका हातात चपला घिऊन घाट चढतीया, आणि मी फुडं मोकळी गाडी घिऊन चाललोय. कसं दिसत आसंल? आणि वर नाक्यावर बसलेलाच असतोय तिचा भाऊ, अरीब. तिला त्यो आपा म्हणतोय आणि मला दुल्हेभाई. दोस्तांच्या म्होरं वरडतोय, ‘दुल्हेभाई, आपाला पळवत आणलासा व्हय?’

गेल्या ईदला ती मला म्हणली, ‘फुडच्या ईदला मी उतरणार न्हाय. गाडी चढली तर गाडीनं, न्हायतर एष्टीनं. आणि एष्टीनं गेले तर तिथंच ऱ्हाणार, मनात यील तवा यीन.’ वरडली न्हाय, भांडली न्हाय, तांदूळ निवडत निवडत म्हणली. अशी बोलली की मला भ्या वाटतंय.

मग गेलो पिराजी मिस्त्रीकडं. त्यो म्हणाला, ‘ब्लॉकला बोअर मारू, मोठा पिस्टन घालू, साखळीचं मागलं चक्कर, स्प्रॉकेट, मोठं बसवू. सपाटीला पळंल थोडी कमी, पर खालनं अशी उचलंल, की घाटात क्लच सोडायच्या आत वर पोचशीला.’ आणि बसवलं की त्येनं. गाडी सुरू केली, काय आवाज... माज्या डोळ्यात पानी आलं. मग पिराजी म्हणाला, ‘आता पाचशे किलोमीटर रनिंग, म्हंजे इंजिन रुळस्तवर जपून चालवायची. चाळीसच्या वर न्हाय, चढ न्हाय, डबलशीट न्हाय, पेट्रोलमधी ऑईल जरा जास्तच. आणि दिलदार, दुसऱ्याच्या हातात अजिबात न्हाय.’

दुसऱ्याच्या हातात न्हाय. कोल्हापुरात. ह्यो मिस्त्री काय परदेशातनं आलाय काय? आपल्याकडं कोण गाडी मागतंय व्हय? चावी उचलत्यात आणि सांगत्यात! ‘एक राऊंड मारून आलोच.’ आणि न्हाय म्हणलासा तर संपलं. त्येच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका येत न्हाय, मयताला खांदा द्याला येतोय का न्हाय त्येचीबी गॅरंटी न्हाय.

पयला आला तालमीचा बाळासो. वस्ताद माणूस, क्विंटलभर वजन. म्हणाला, ‘आवाज बदललाय रं. आण, एक राऊंड मारून येतो.’ मला वाटलं तालमीला वळसा घालून यील. गडी गेला पेठ वडगावला, बाजार हुता म्हणून! परत आला तर टाकीवर पेंडीचं पोतं, मागं भाचा. आणि मलाच सांगतोय, ‘खालनं उचलती बरं का. पर पोतं असलं की जरा कण्हती.’ कण्हंल न्हाय तर काय गाणं म्हणंल?

दुसरा गुंडू. शेजारच्या धोंडुबाईचा पोरगा. ‘दिलदारभाई, एक राऊंड.’ दिवस मावळला तरी पत्ता न्हाय. हे बेणं नरसोबाच्या वाडीला जाऊन आलं! ‘निघालोच हुतो, म्हटलं दत्ताचं दर्शन घ्यावं.’ मी शिवी द्याला तोंड उघडलं, तर त्येनं तोंडात पेढा घातला. आता प्रसाद तोंडात असताना शिवी द्याची कशी? मी मुसलमान हाय म्हणून काय झालं, वाडीचा पेढा मी खाली टाकत न्हाय. गिळला. पेढाबी आणि शिवीबी.

मग मात्र साखळी आणली, गाडी घराम्होरच्या खांबाला बांधली. सकाळी कोण उठायच्या आत मीच शिरोळच्या बाजूला सपाट रस्त्यानं चालवायची, तीसनं. तुमास्नी खोटं वाटंल, मला उसाच्या ट्रॅक्टरनं ओवरटेक केलं. दोन ट्रॉल्या भरलेल्या. डायवर मागं वळून इचारतोय, ‘पावणं, काय बिघाड हाय का?’ सगळं सोसलं. का, तर ईदला बायको मागं बसून वर जाणार.

ईद दोन दिवसांवर आली, रनिंग हुत आलं, आणि पन्हाळ्यावरनं उतरला अरीब. ‘दुल्हेभाई, गाडी लई भारी केलीया म्हणं. एक राऊंड.’ मी जन्मात पयल्यांदा म्हणालो, न्हाय. सरळ न्हाय. तर सैपाकघराच्या दारात शाहिस्ता हुबी. ‘बाळासोला दिली. गुंडूला दिली. माज्या भावालाच न्हाय?’ साखळी मीच सोडली, माज्या हातानं.

सांजच्याला शेजारच्या घरी अरीबचा फोन आला. ‘दुल्हेभाई, चढावर थांबलीया.’ पन्हाळ्याला नेऊन दोघा दोस्तास्नी मागं बसवलं, चढावर पिळली. आणि मला खूश कराला म्हणतोय, ‘टाकी बी फुल्ल केली तुमची.’ मी इचारलं, ‘त्यात ऑईल किती घातलास?’ तर म्हणतोय, ‘ऑईल? ते इंजिनात असतंय की.’ त्येची नवी फोर-स्ट्रोक! त्येला काय ठावं टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमधी ऑईल मिसळत्यात म्हणून. नुसतं पेट्रोल पिऊन नवा पिस्टन ब्लॉकला चिकटला. गाडी ढकलत वर नाक्यावर नेऊन ठिवली. आणि वर म्हणतोय, एकच राऊंड मारला की.

ईदला एष्टीनं गेलो. मी हुबा ऱ्हाऊन. शाहिस्ता सगळ्या वाटंला खिडकीतनं बाहीर बघत हुती. मला लई वाईट वाटलं पावणं, खरंच सांगतो. गाडीचं न्हाय, तिचं. शीरखुर्म्याची वाटी भरलेलीच म्होरं सारली. दुपारनं म्हणालो, गाडी तर खाली न्यायाला पायजे, आणि एकटाच नाक्याकडं चाललो. अरीब पंख्याखाली झोपलावता. मागनं चपला वाजल्या. बघतोय तर शाहिस्ता, पिशवी घिऊन.

‘तू तर ऱ्हाणार हुतीस न्हवं?’

‘भावाला गाडी द्या म्हणून मीच म्हणले,’ ती म्हणाली. ‘बसू का?’

न्यूट्रल टाकली आणि सोडली. आवाज न्हाय, धूर न्हाय. तिचा हात माज्या खांद्यावर. लोक थांबून बघालते. आख्खा घाट आमी असं राजा-राणीगत उतरलो आणि ती कानात म्हणतीया, ‘एवढी गुमान कवाच चालली न्हवती ओ. आदीच जाम करायची की.’

मग उतार संपला. गाडी हळू झाली... हळू झाली... आणि थांबली. कोल्हापूर तिथनं कुठल्या कुठं. मी मागं बघून म्हटलं, ‘उतरतीस का?’

तिनं पदर सावरला, पिशवी मांडीवर घितली आणि नीट बसली.

मग काय... मीच उतरलो, आणि ढकलाय लागलो.