आकारामच्या वाटचं पाणी

(वैशाख. कोल्हापूरजवळचा उघडा माळ. गळ्यात कॅमेरा अडकवलेला ऋतुराज. समोर कळशी घेतलेली धोंडुबाई, त्याच्या मेलेल्या दोस्ताची आई.)

धोंडुबाई : म्हंजे फोटू जमला की कॅलेंडरवर छापणार, खाली तुजं नाव, आन् तुज्या मंगळवार पेठेतली पोरं तुला खांद्यावर घिऊन नाचणार. मला काय? पाणी वतायचं तेवढं!

ऋतुराज : तसं न्हाय मावशी. सगळा माळ ठणठणीत कोरडा. तुमी रोज पाणी घालताय म्हणून फुलपाखरं हितंच उतरत्यात.

धोंडुबाई : मी काय फुलपाखरं पाळलीयात व्हय रं? माजा आकाराम हितं पडला, तहानेला. त्येच्या नावानं घालती.

ऋतुराज : म्हाईत हाय.

धोंडुबाई : असणारच की. गेल्या साली संगं तूच हुतास. त्येनं आपली बाटली ह्याच मातीवर रिकामी केली, तुजी फुलपाखरं बसावीत म्हणून.

ऋतुराज : मी नको म्हणत होतो. तर म्हणतोय कसा, ‘शिरोलीच्या कारखान्यात भट्टीफुडं दिवसभर उभा ऱ्हातो मी, मला ऊन काय करतंय?’

धोंडुबाई : बढाईखोर. बापावर गेलता. आन् तुजी बाटली?

ऋतुराज : ती मी आधीच पिऊन संपवली होती.

धोंडुबाई : झ्याक! पाणी त्येचं, फोटू तुजा. गेलतासा दोघं, घरी आलास एकटा.

ऋतुराज : जातो मी मावशी. विचारायलाच नको होतं.

धोंडुबाई : गप. कॅलेंडरवर त्येचं नाव घालशील?

ऋतुराज : दोघांचं घालतो. आधी त्याचं.

धोंडुबाई : मग पड पालथा. पर येकच काढायचा. त्येच्या वाटचं पाणी हाय हे, तुज्या हौसंचं न्हवं.

ऋतुराज : हळू वता... बास. आली बघा पिवळी! निळीबी उतरली. आता हलू नका.

धोंडुबाई : बरं.

ऋतुराज : मावशी, जरा मागं सरा की. तुमची सावली पडतीया ओलीवर.

धोंडुबाई : माजी? मी तर पाणी वतून मगाच बाभळीखाली यून बसलीया.

ऋतुराज : मग... माझ्या मागं कोण उभं हाय?

धोंडुबाई : फुलपाखरं उडाली?

ऋतुराज : न्हाईत. नुसती सरकली. जागा केल्यागत.

धोंडुबाई : वळू नगंस. बटणबी दाबू नगंस, बाळा. आधी पिऊ दे त्येला.