वेल्डरच्या हातात ब्रश

जयनगरच्या दवाखान्यात समुद्रावरच्या नोकरीसाठी तपासणीला आलेला विराज आणि त्याचे वेल्डिंगचे गुरू अप्पासाहेब, रांगेत बसलेल्या सौम्या नावाच्या बाईंच्या शेजारीच वाद घालत बसले होते.

“बारा वर्षं वेल्डिंग शिकवलं, आणि तू तेलविहिरीवर गंज खरवडायला निघालास?”

“पुढे वेल्डिंगही मिळेल, अप्पा.”

“मिळेल! आधी हातात ब्रश देतील. बादलीभर पाण्यानं आंघोळ करणारा तू, पोहणार कधी?”

“शिकेन. अनुभवाच्या दाखल्यावर तेवढी सही करा.”

“होसकोट्याच्या कारखान्यात काय कमी होतं?”

“माझ्या जागी यंत्राचा हात बसवला.”

“त्या डब्याला सांधा कळतो का, स्वल्प तरी?”

“कळतो की. तीन महिने कारखान्यात येऊन, त्याचा हात धरून तुम्हीच शिकवलंत.”

अप्पासाहेब सौम्याकडे वळले.

“अक्का, पेन आहे का?”