खंडेनवमीला बंद केलेले मशीन

मी, कालिंदी व्यंकटराव चौसाळकर, वय ६१ वर्षे, धंदा निवृत्त प्राध्यापिका (भूगोल), राहणार पडेगाव, छत्रपती संभाजीनगर, ठाण्यात हजर राहून समक्ष सांगते की,

मी भिंतीतली वायर ओढून काढली तेव्हा संगणकाच्या त्या मशीनमध्ये नवीन प्रणाली भरण्याचे काम सुरू होते. पडद्यावरची पट्टी निम्म्यापर्यंत आली होती. पडदा काळा झाला. मी मशीनचा डबा उचलला आणि दुकानाच्या पायऱ्या उतरले. दुकानमालक राजकुमार यांनी मागून हाक मारली, "ओ मावशी, किधर ले जा रहे? पाचोडच्या माणसाचं बुकिंग हाय त्याच्यावर." मी थांबले नाही. रिक्षाजवळ त्यांनी डब्याचे दुसरे टोक धरले. ओढाताण झाली. मी त्यांना मारलेले नाही. त्यांच्या मनगटावरचा ओरखडा डब्याच्या कडेचा आहे.

ते मशीन पूर्वी आमच्या घरचे होते. ओळख विचारल्यावरून सांगते की, त्याच्या दर्शनी भागावर हळदकुंकवाची बोटे आहेत. ती माझी आहेत.

माझी मुलगी स्वरदा नोकरीनिमित्त फिनलंडमध्ये होती. ती हयात नाही. तिकडून ती मला मेल पाठवत असे. आलेला मेल घरच्या मशीनवर उतरला की मेल कंपनीकडची प्रत पुसली जावी, अशी सोय तिनेच लावून दिली होती, कारण कंपनीने दिलेली जागा भरत असे. त्यामुळे तिचे मेल फक्त या मशीनवर होते. "ईमेलच ना बाई? पासवर्ड टाका, येतील परत," असे ठाण्यातील हवालदार म्हणाले. ते येत नाहीत.

मशीन जुने झाले म्हणून आमचा पुतण्या हिमांशू याने लॅपटॉप आणला. त्यावर वेगळी प्रणाली होती. जुन्या मेल प्रोग्रॅममधला साठा तिकडे हलवण्याचे काम त्याने खंडेनवमीच्या सकाळी सुरू केले. आमच्या घरी त्या दिवशी हत्यारे पुजतात आणि पुजलेल्या वस्तूला दसऱ्यापर्यंत कामाला लावत नाहीत. माझे पती व्यंकटराव यांनी पाट मांडला. विळी, पाना, पकड ठेवून झाल्यावर ते मशीनकडे आले.

हिमांशू म्हणाला, "काका, थांबा ना. अजून चालू आहे ते. मधेच बंद केलं तर अर्धंच जाईल."

"मुहूर्त थांबतो का तुझ्यासाठी?"

"मग विळीची करून घ्या आधी. मशीन काय पळून चाललंय?"

"वर्षातून एक दिवस गप्प बसू दे त्याला. रोज रात्री चालूच असतं."

त्यांनी वाकून बटण बंद केले. जो कप्पा त्या वेळी हलत होता त्याचे नाव पडद्यावर दिसत होते. नाव स्वरदा असे होते. माझ्या पतींनी चष्मा घातलेला होता. त्यानंतर डबा पाटावर ठेवला आणि मी त्याला हळदकुंकू वाहिले.

दसऱ्याला सकाळी हिमांशूने लॅपटॉप उघडला. सगळ्या कप्प्यांची नावे ओळीने दिसत होती. "काकू, आलं सगळं. सोनं घ्या आणि मला सोडा, पुण्याची गाडी आहे," असे तो म्हणाला. मी स्वरदाचा कप्पा तेव्हा उघडून पाहिला नाही. कारण विचारल्यावरून सांगते की, दोघेही बाजूला उभे होते. प्रोग्रॅम आधी सगळी नावे मांडतो आणि मग एकेक कप्पा भरतो, हे हिमांशूने मला नंतर फोनवर सांगितले.

तो गेल्यावर लगेच माझ्या पतींनी जुने मशीन स्कूटरवर ठेवले. "नवीन आलं घरात. याचंही सीमोल्लंघन होऊन जाऊ दे," असे ते म्हणाले. आमच्या गच्चीवर मोडका कूलर आहे. तो न्यायला मी त्यांना बरीच वर्षे सांगते आहे. तो अजून तिथेच आहे.

संध्याकाळी मी कप्पा उघडला. आत काही नव्हते.

"अहो, मशीन कुठं दिलंत?"

"आठवत नाही."

"सकाळीच दिलंत. दुकान आठवत नाही?"

"कालिंदी, तेच तेच किती वाचणार आहेस?"



पुढचे काही दिवस मी पैठण गेटपासून औरंगपुऱ्यापर्यंत जुन्या संगणकांची दुकाने पाहिली. काल दुपारी राजकुमार यांच्या दुकानात डबा कुंकवावरून ओळखला. ते म्हणाले, "वरचं कुंकू पुसायला हात धजला नाय, मावशी. आतलं सगळं साफ केलंय. आता नवीन भरायलोय." मी विकत मागितले. बुकिंग झालेले मशीन देत नाही, असे ते म्हणाले. पुसलेल्या डिस्कवरून काही परत काढता येते, पण वर नवीन भरले तर येत नाही, हेही हिमांशू बोलला होता. म्हणून मी वायर ओढली.

मेलमध्ये मौल्यवान काय होते, असे विचारल्यावरून सांगते की, तिथे अंधार लवकर पडतो. वरण शिजायला वेळ लागतो. दारावरच्या पाटीत तिचे आडनाव मावत नव्हते. असे होते. गेलेल्या मालाची किंमत मला सांगता आली नाही. त्या जागी निरंक लिहिण्यात आले आहे.

पतीविरुद्ध काही तक्रार आहे काय, असे विचारल्यावरून सांगते की, कोणत्या कलमाखाली, हे मला माहीत नाही. सबब नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. मी जेवढे सांगितले तेवढे बरोबर लिहिले आहे.

पुरवणी नोंद: दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचे पती व्यंकटराव यांनी विनंती केल्यावरून राजकुमार यांनी बाईंविरुद्धची तक्रार मागे घेतली. मशीन राजकुमार यांच्या ताब्यात देण्यात आले. ते चालू स्थितीत असल्याची खात्री करण्यासाठी ठाण्यातच जोडून प्रणाली भरण्याचे काम पहिल्यापासून घेऊन पूर्ण करण्यात आले. मशीन व्यवस्थित चालू आहे. बाई त्या वेळी बाहेर बाकावर बसून होत्या. त्यांना तसे कळवण्यात आले.