उष्टी हळद

सांगा मायबाप, लपवलेलं दुखणं कुणाचं असतं? ज्याच्या अंगावर आहे त्याचं, की शेजारी बसलेल्याचं? थांबा, घाईनं माना डोलवू नका. आधी ऐका.

केवडा नावाची पोर लग्न होऊन राधाक्काच्या घरी आली. पंधरा दिवसांत मानेवर रुपयाएवढं लाल वर्तुळ उठलं. कडा फुगीर, मध्ये साफ, आणि खाज अशी, की मंगळसूत्रानं मान घाशी.

राधाक्का म्हणाली, "माहेरची घाण आणलीस. बांध बोचकं, आजच्या एसटीनं जा."

"जाते आत्याबाई. पण वाटेत दवाखाना आहे. डॉक्टरीण माहेरचं म्हणाली, तर मागं वळून बघायची नाही."

राधाक्का हटते होय? मुलाला, नामूला घेऊन सुनेच्या चार पावलं पुढं चालली. जणू हारतुरे घ्यायलाच निघाली!

डॉक्टरीणबाईंनी मान पाहिली. "गजकर्ण आहे. एकाचं दुसऱ्याला लागतं. घरात आणखी कुणाला?"

राधाक्कानं सुनेकडंच बोट दाखवलं. मग केवडाच बोलली, "बाई, आमच्यात हळद आधी नवरदेवाच्या अंगाला लावतात. उरलेली उष्टी मग नवरीला."

"हळदीतून लागलं असेल, नाहीतर एका टॉवेलातून. सदरा वर करा हो."

नामूच्या करदोट्याखाली तळहाताएवढं वर्तुळ. वर्षाचं जुनं. म्हणे, "दुकानातली ट्यूब लावायचो. लावली की दबायचं, सोडली की दुप्पट."

"आणि आई, पावलं दाखवा."

राधाक्कानं पाय लुगड्यात ओढले. पण मंडळी, लुगडं लांब असून असून किती असणार? अंगठ्याची नखं पिवळी, जाड, भुगा झालेली. बोट सुनेकडं, अन् मूळ स्वतःच्या पायात!

"बरं होतं हे," बाई म्हणाल्या. "मनानं आणलेली ट्यूब बंद. हे मलम दोनदा, वर्तुळाबाहेर बोटभर जागेलाही. डाग गेला तरी पुढं दोन आठवडे. टॉवेल ज्याचा त्याचा, कपडे कडक उन्हात. आई, तुमची नखं तपासून गोळ्या देऊ. महिने लागतील, धीर धरा."

बोचकं घेऊन केवडा घरी परतली, ती सासूच्या पुढं चालत.

वर्ष सरलं. मान लख्ख, नामूची कंबर लख्ख, नखंसुद्धा नवी. धाकट्या दिराची हळद निघाली. म्हाताऱ्या कुजबुजल्या, "उष्टी नाही दिली तर अपशकुन." तशी राधाक्का उठली. वाटलेली हळद आधी देवाला लावली अन् दोन वाट्यांत वाढली. म्हणाली, "ही देवाची उष्टी. नवऱ्याला एक, नवरीला एक. माझ्या घरात सुनेला आता माया मिळेल, खाज नाही."

पटलं ना? मग मघापासून मांडी खाजवणारे ते खांबामागचे फेटेवाले, आणि पदरात बोटं झाकणाऱ्या तुम्ही, वहिनी. देवापुढं बसलात, तिथं काय लपवता? उद्या दवाखान्यात दिसा.