सासूबाईंचा ट्रॅक्टर

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून नर्सने एका शिक्षिकेला अर्धा तास डोळे मिटून बसायला सांगितले होते. कान मात्र मोकळे होते, आणि शेजारच्या बाकावर सासू-सुनेची ट्रॅक्टरवरून चांगलीच जुंपली होती.

“आई, आपली जमीन दोन एकर. लहानच घेऊ.”

“लहान म्हणजे खेळणं गं. मोठा कसा, नुसता उभा राहिला तरी रुबाब!”

“रुबाब पेरूच्या ओळींतून जाणार कसा? ओळींत अंतर सहा फूट, मोठ्याची रुंदी पाच. दोन्हीकडे वीतसुद्धा उरत नाही.”

“मला अंदाज आहे. पस्तीस वर्षं सायकल चालवलीय मी.”

“सायकल, आई!”

“डोळे पास झाले तर ट्रॅक्टर मीच चालवायचा, असं ठरलंय आपलं. आता शब्द फिरवू नकोस.”

“आणि नापास झाले तर?”

“तर तू चालव. मी मागून ओरडत येईन.”

“आजी, आत या,” नर्सने हाक मारली.

दार लागले. शिक्षिकेचे सगळे लक्ष आता त्या दाराकडे होते. बऱ्याच वेळाने ते धाडकन उघडले.

“पास! लांबचं लख्ख दिसतं म्हणाले. जवळच्याला तेवढा चष्मा. शेवटी थेंबही घातलेत.”

“अहो, पेरूची झाडं जवळच असतात!”

“तोच विचार केला आत. लहानच घेऊ. चल, दुकानात जाऊन बसून बघते.”

“आत्ता? डोळ्यांत थेंब आहेत ना तुमच्या?”

“मग हात धर माझा. दुकानापर्यंतच हं. पुढचं मी बघते.”