पुलाचा राखणदार

तुम्ही हसाल, पण मोहोपाड्याच्या अलीकडच्या पुलासाठी मी एकदा भरल्या ताटावरून उठून धावलोय. पूल किती हादरतो ते मोजणारी छोटी यंत्रं आम्ही त्याच्या कठड्याला बसवली होती. बिनतारी, एका बॅटरीवर वर्षानुवर्षं चालणारी. एरवी ती झोपून असतात, पूल हादरला की जागी होऊन ऑफिसला कळवतात. तर त्यातलं एक यंत्र दिवसभर दर तासाला, अगदी ठोक्याला, मोठा हादरा कळवायला लागलं. यंत्रच बिघडलंय असं समजून आम्ही सोडून दिलं, पण महिन्याभरात बॅटरी संपत आली. मी जेवायला बसलो तोच साहेबांचा फोन आला, "बॅटरी राहू दे, आधी पूल बघून ये."

गेलो, तर पूल ठणठणीत. तेवढ्यात पुलाच्या तोंडाशी चहाची टपरी चालवणारी सुमनमावशी आलं ठेचायचा बत्ता घेऊन आली आणि यंत्राशेजारी कठड्यावर दणकन एक टोला दिला.

"मावशी, हे काय?"

"बसवताना तूच म्हनलास ना, ते झोपतं म्हनून? आमचे हे रसायनीला वॉचमन होते. जागं हाय हे कळाया त्यांना तासातासाला टोला द्यावा लागायचा. याला हात नाय, म्हनून मी देते."

मी हातच जोडले. "अगं मावशी, त्याला उठवावं लागत नाही. पूल हलला की ते आपणहून उठतं!"

तिने माझ्या हातात चहाचा ग्लास दिला.

"पूल हलल्यावर उठाया यंत्र कशाला पायजे रं? तवा तर आमी पन उठतो."