चार भोकं

नाही, पण मी काय वाईट बोललो हो? माद्रिदला वर्षानुवर्षं घासून दुर्बिणीची शस्त्रक्रिया शिकलो, तिथले म्हणाले 'राहा', मी छाती ठोकून म्हणालो, माझी गरज बोलिव्हियाला, पठारावर, माझ्या माणसांत!... आलो. दुर्बीण घेऊन आलो. आणि पहिलीच रुग्ण फोर्तुनातामावशी! पित्ताशयात खडे, आत पू, ताप. पिशवी फुटली तर मावशी गेलीच! मी उशाशी बसून गोड आवाजात म्हणालो, "मावशी, घाबरायचं नाही. तुम्ही गाढ झोपाल. मी चार भोकं पाडीन, बारीक, नखाएवढी. कळणारसुद्धा नाही!"

तुम्हाला सांगतो, चार भोकं! फक्त चार!

मावशी ताडकन उठून बसली. तापात! लेकीला म्हणते, "होविता, माझी शाल दे गं. हा खारिसिरी आहे!"

खारिसिरी म्हणजे आमच्याकडचा चरबीचोर. परमुलखातून येतो, गोड बोलतो, झोपवतो, बारीक भोकातून चरबी ओढून नेतो, आणि माणूस झिजून मरतो. म्हणजे बघा... मी त्याची जाहिरातच करत होतो की! "अहो, मी इथलाच! बेकरीवाल्या एलोयचा मुलगा!" तर म्हणते, "एलोयचं पोर लुकडं होतं. तू कुणाची चरबी खाऊन आलास?" मी म्हटलं, मावशी, तिकडे चोरावी लागत नाही, लोक पैसे देऊन काढून घेतात!... हे मुळीच बोलायला नको होतं. दारातले निम्मे नातेवाईक पळाले.

चार भोकं हो, चार!

होविता रडायला लागली. "आई, मरशील गं!" मावशी पोट धरून वाकलेली, घामाने निथळतेय, तरी म्हणते, "मरेन, पण लुटून घेऊन नाही मरायची. कापायचं तर नीट काप. वीतभर. आणि काय काढतोस ते होविता बघेल."

मी दुर्बिणीकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं... आणि सुरी मागितली. काय करणार? जीव मोठा की माझी भोकं? होविता तोंडाला फडकं बांधून माझ्या खांद्यामागे, सारखी आपली, "ते पिवळं काय? चरबी ना? आत ठेवा!" ठेवली बाई, सगळी ठेवली!

मावशी वाचली. बाजारात बटाटे विकता विकता गिऱ्हाइकांना वण दाखवते. परवा तिचा दीर आला, कासिमिरोकाका, त्यालाही खडेच! मी डोळ्यांत प्राण आणून विचारलं, "काका, निदान तुम्ही तरी... चार भोकं?"

"छे! वहिनीला वीतभर दिलीत. मी पुरुषमाणूस, डॉक्टर... दीड वीत होऊ द्या!"